‘इंद्रिये व बुद्धी शाबूत’
एका जुन्या वैद्यकीय निबंधातील शेवटच्या कलमाविषयी

ज्यांचे नाव घरोघर घेतले जाते आणि ज्यांचे पुस्तक मात्र सहसा कोणी उघडलेले नसते, अशा ग्रंथकारांत लंडनजवळच्या हॉक्स्टनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांची गणना करावी लागेल. कंपवातावरील त्यांचा निबंध १८१७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे इकडे खडकीची व सीताबर्डीची लढाई झाली, त्याच साली. पुस्तक अवघे ६६ पानांचे आहे. आम्ही ते वाचले ते गेल्या उन्हाळ्यात अमरावतीस, आमच्या मामांच्या खाटेशेजारी बसून. मामांस हा रोग जडून आता नऊ वर्षे होत आली. त्यांनी तेहतीस वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकविले, आणि कोणतेही पुस्तक हाती आले की त्यातील व्याख्या आधी तपासावयाच्या ही त्यांची जुनी खोड. तेव्हा या पुस्तकाचीही व्याख्याच आधी पाहावी, असे त्यांनी सुचविले, व तेथेच आम्ही अडलो.

पार्किन्सन यांची व्याख्या अशी : ज्या अवयवाकडून काही काम घेतले जात नाही त्या अवयवास आपोआप कंप सुटतो, शक्ती क्षीण होते, धड पुढे वाकते, चालता चालता मनुष्य धावू लागतो, परंतु इंद्रिये व बुद्धी शाबूत राहतात. यातील पहिली कलमे इतकी बिनचूक आहेत की दोनशे वर्षांत त्यांत फारसा फेरफार करावा लागलेला नाही. शेवटचे कलम मात्र चुकले आहे. ते का चुकले, आणि त्या चुकीची किंमत आमच्यासारख्या घरांनी कशी मोजली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

गुणांपासून आरंभ करणे हा टीकेचा शिष्टाचार होय. येथे तो नुसता शिष्टाचार नाही. पार्किन्सन हे केवळ वैद्य नव्हते. दगडात रुतलेल्या प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांवर त्यांनी १८०४ ते १८११ या काळात तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. गरिबांचा कैवार घेऊन ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने पत्रके काढली. ज्याची नजर खडकातील शिंपला ओळखण्यात मुरली आहे, त्याला रस्त्यावरच्या गर्दीतील एखादी चमत्कारिक चाल वेगळी काढता यावी यात नवल नाही. निबंधात सहा रुग्ण आहेत. त्यांतील एक खलाशी आपल्या दुखण्याचा दोष स्पेनच्या तुरुंगातील ओल्या जमिनीस देतो. पाचव्या रुग्णाचे वर्णन तर आम्ही मामांस तीनदा वाचून दाखविले. हा गृहस्थ पार्किन्सन यांनी केवळ दुरून पाहिला. त्याचा सोबती त्याच्यासमोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. मग तो गृहस्थ हळूहळू मागेपुढे झुलत तोल साधी, तोंडाने इशारा देई आणि एकदम धावत सुटे. सोबती बाजूस सरून पुढे पळे, आणि वीसेक पावलांवर त्यास झेलण्यासाठी तयार राही. इतक्या थोड्या ओळींत इतके जिवंत चित्र उभे करणारे वैद्य आजही विरळाच.

परंतु याच ठिकाणी ग्रंथाचा दोषही आहे. सहांपैकी दोन रुग्ण वाटेत भेटलेले आणि तिसरा नुसता दुरून पाहिलेला. चाल रस्त्यावर दिसते. विचार दिसत नाही. हे आमचे वाक्य ऐकून मामा बराच वेळ गप्प राहिले. त्यांस उत्तर देण्यास आता पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांस द्यावा हे आम्ही उशिरा शिकलो. मग ते आपल्या घरगुती बोलीत म्हणाले, “त्या सहाजणांले त्यानं काही इचारलं काय, का नुसतं पाह्यलं?” आमच्या मते या निबंधावरील ही सर्वांत नेमकी टीका आहे.

शिवाय हे कलम ग्रंथकाराच्याच मजकुराशी जुळत नाही. रोगाची अखेर वर्णिताना पार्किन्सन स्वतःच सततची गुंगी व किंचित भ्रम यांचा उल्लेख करतात. एका दुसऱ्या वैद्याच्या लेखणीतून त्यांनी एका फ्रेंच सरदाराची हकीकत उतरून घेतली आहे. तीत एक आनंदी, चपळ मनाचा पुरुष कसा खिन्न होऊन बसला हे आले आहे. म्हणजे पुरावा हाताशी होता. तरीही तो व्याख्येत शिरू शकला नाही, कारण व्याख्येला एक व्यावर्तक हवा होता. पक्षाघाताच्या झटक्यात बोलणे-समजणे एकाएकी जाते. त्याहून हा रोग निराळा, हे दाखविण्यासाठी ‘बुद्धी शाबूत’ हे कलम सोयीचे पडले. न्यायशास्त्रात व्याख्येचे जे दोष सांगितले आहेत त्यांपैकी हा अव्याप्तीचा म्हणावा. पुढे पॅरिसचे शार्को यांनी या रोगास पार्किन्सन यांचे नाव दिले, आणि कालांतराने बुद्धी व स्मृती झाकोळतात हेही नोंदविले. पण नाव टिकले आणि टीप मागे पडली.

अव्याप्तीची गोष्ट निघाली आहे तर आपल्या मराठी शब्दाविषयीही बोलले पाहिजे. ‘कंपवात’ हा शब्द जुना व भारदस्त आहे. आयुर्वेदात वातव्याधींमध्ये ‘वेपथु’ येतो, तो याच कुळातला. परंतु तो शब्द रोगाच्या एकाच लक्षणावर बोट ठेवतो. दहांपैकी दोनतीन रुग्णांस कंप जवळजवळ नसतोच. उलट, ज्यांचे हात चहाचा कप उचलताना थरथरतात अशा पुष्कळांस हा रोग मुळीच नसतो; ती थरथर निराळी. एकाच शब्दात अव्याप्ती आणि अतिव्याप्ती!

हा केवळ शब्दच्छल नव्हे. अकोल्यास आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या पत्नीचा उजवा खांदा आखडला. तो शेकण्या-चोळण्यात व व्यायामात पावणेदोन वर्षे गेली. हात थरथरत नव्हता, तेव्हा ‘कंपवात’ कोणाच्या मनातही आला नाही. मात्र त्यांच्या भाकरी लहान लहान होऊ लागल्या होत्या. थापण्यास आरंभ करीत तो नेहमीच्याच जोराने. पुढे प्रत्येक थाप आधीच्या थापेपेक्षा आखूड पडे. मामांची सही जशी शेवटच्या अक्षराकडे बारीक होत जाते, तसाच हा प्रकार. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘स्वयंपाकातून मन उडाले’ असा केला. त्याच सुमारास चुलीवर वरण व तव्यावर भाकरी ही दोन कामे त्यांना एकदम सांभाळेनाशी झाली. एकीकडे पाहावे तर दुसरीकडे करपे. त्याचाही अर्थ तोच केला गेला.

आणि आम्ही तरी काय निराळे केले? मामा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा कागद पुढे घेऊन दोन तास बसून राहिले. कागद भरण्यासारखे काहीच अवघड नव्हते. ज्याने हजारो मुलांस अर्ज लिहावयास शिकविले त्याला ते अवघड जाणार कसे? आम्ही त्यास आळस म्हटले. मामींनी हट्ट म्हटले. पुढे पेढीत त्यांची सही जुळेना, तेव्हा खिडकीपलीकडच्या तरुणाने ‘आजोबा, नीट करा ना’ असे चारचौघांत सुनावले आणि मामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ‘यांस काही वाटत देखील नाही’ असे आम्ही घरी येऊन बोललो, आणि तेही त्यांच्या कानांवर जाईल अशा आवाजात. ‘बुद्धी शाबूत’ हे कलम मनात धरून बसले की असे होते. बुद्धी शाबूत आहे, मग काम होत नाही ते स्वभावामुळेच. असा तो बिनतोड दिसणारा तर्क आहे. रोग्यास धीर देण्यासाठी लिहिलेले वाक्य त्याच्यावरील आरोपपत्र होऊन बसते.

तर मग प्रत्यक्षात होते काय? मेंदूच्या देठात काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा आहे. तेथील पेशी आपले लांब तंतू मेंदूच्या गाभ्यातील पुंजांपर्यंत पोचवितात व तेथे डोपामाइन नावाचे द्रव्य सोडतात. या पेशी हळूहळू मरतात. हालचालीत फरक दिसू लागतो तोवर सुमारे निम्म्या गेलेल्या असतात. १९५७ साली स्वीडनच्या कार्लसन यांनी या द्रव्याचे महत्त्व दाखविले, १९६० साली व्हिएन्नाच्या होर्निकिएविच यांस रोग्यांच्या मेंदूत त्याचा तुटवडा आढळला, आणि १९६७ साली न्यूयॉर्कचे कोट्झियास यांनी लेव्होडोपा मोठ्या प्रमाणात, पण बेताबेताने वाढवीत देऊन खिळलेली माणसे चालती केली. इतका इतिहास पुष्कळांस ठाऊक असतो, आणि येथेच थांबल्यामुळे हा हातापायांचा रोग होय हा समज कायम राहतो.

परंतु गाभ्यातील ते पुंज केवळ हातापायांसाठी नाहीत. १९८६ साली अलेक्झांडर, डीलाँग व स्ट्रिक या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी असे मांडले की, मेंदूच्या पृष्ठभागापासून निघून या पुंजांतून फिरून पुन्हा पृष्ठभागाकडे जाणारी पाच तरी वर्तुळे आहेत. एक हालचालींचे, एक डोळ्यांच्या फिरण्याचे; उरलेली तिन्ही कपाळामागच्या भागाशी जोडलेली असून बेत आखणे, स्वतःस आवरणे, आणि एखादी गोष्ट करावीशी वाटणे ही त्यांची कामे. आमच्या वऱ्हाडच्या वाचकांस हे शकुंतला गाडीच्या उदाहरणाने पटेल. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरकडे व एक यवतमाळकडे जाई. ते धावणे आता थांबले आहे. स्टेशनांच्या इमारती पुष्कळ ठिकाणी उभ्या आहेत, गावे आहेत, कापूसही पिकतो. फक्त येथला माल तेथे पोचत नाही. मामांस व्याकरण येते, आकडे येतात, कागदात काय लिहावयाचे तेही येते. आरंभ कर, मग हे सोडून ते धर, असे सांगणारी गाडी तेवढी येत नाही. नापास मुलगा आणि उत्तर माहीत असून उभा न राहणारा मुलगा यांतील भेद मास्तरांनी ओळखावा अशी आपली अपेक्षा असते. मास्तरांच्या बाबतीत तो आम्ही ओळखला नाही.

उपमेला मर्यादा आहे हे सांगितले पाहिजे. या रोगात फाटेच बंद पडतात असे नाही, पुढे स्टेशनेही ढासळतात. १९१२ साली लेवी यांनी पेशींत जे गोळे पाहिले, ते एका बिघडलेल्या प्रथिनाचे असतात हे १९९७ साली कळले. जर्मन शारीरशास्त्रज्ञ ब्राक यांनी २००३ साली मांडलेल्या मताप्रमाणे हे गोळे प्रथम वासाच्या केंद्रात व मेंदूच्या देठाच्या अगदी खालच्या भागात दिसतात, मग काळ्या पट्ट्यात येतात, आणि शेवटी मेंदूच्या पृष्ठभागावर पोचतात. सर्वच रोग्यांत हा क्रम आढळत नाही. तरी गंमत अशी की पार्किन्सन यांनी एकही शवविच्छेदन न करता रोगाचे मूळ याच खालच्या भागाच्या आसपास असावे असा तर्क केला होता, आणि तो तर्कच आहे याबद्दल वाचकांची क्षमाही मागितली होती. व्याख्येत जी खात्री त्यांनी दाखविली ती येथे दाखविली असती, आणि येथला नम्रपणा तेथे ठेवला असता, तर ग्रंथ अधिक खरा झाला असता.

डोपामाइनशिवाय इतर द्रव्येही आटतात. लक्ष व स्मृती यांस लागणारे अॅसिटिलकोलिन त्यांतले एक. म्हणून मनाच्या तक्रारींवर लेव्होडोपा नेहमी लागू पडत नाही. औषधाचीही एक अडचण आहे. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेस पाणी देणारा सांगेल की, एकाच पाटाचे पाणी एका वाफ्यास अपुरे तर दुसऱ्यास जास्त होते. हालचालींच्या भागात तुटवडा फार, इच्छेच्या भागात सुरुवातीस कमी. तेव्हा पहिल्यास पुरेल इतके औषध दुसऱ्यास जास्त होऊ शकते. त्यातून, विशेषतः डोपामाइनची नक्कल करणाऱ्या काही गोळ्यांनी, एखादा सरळमार्गी मनुष्य जुगार खेळू लागतो किंवा भारंभार खरेदी करतो. अशा वेळी ‘म्हातारचळ’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी गोळ्यांची चिठ्ठी पाहावी.

अलीकडे मेंदूची रंगीत चित्रे घेऊन कोणते भाग बरोबरीने जागे होतात व निजतात हे पाहतात. या रोगात गाभा व पृष्ठभाग यांचा हा मेळ बिघडतो. ज्यांची बुद्धी मंदावली त्यांच्यात अधिक. चित्रे मोहक असतात, परंतु चित्र म्हणजे विचार नव्हे, आणि एका मनुष्याचे चित्र पाहून तो उद्या आपल्या मुलास ओळखील की नाही हे कोणी सांगू शकत नाही. आकडे त्यापेक्षा रोखठोक आहेत. सिडनी येथे रोग्यांच्या एका समूहावर २० वर्षे नजर ठेवण्यात आली. जे तोवर जगले त्यांतील ८३ टक्क्यांची बुद्धी स्मृतिभ्रंशाच्या थरास गेली होती, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. हा आकडा मामांस सांगावा की नाही याचा आम्ही आठवडाभर विचार केला. सांगितला तेव्हा त्यांनी विचारले, समूह केवढा होता? वीस वर्षे जगलेले मूठभरच होते, हे ऐकून त्यांनी मान हलविली. खरे सांगावयाचे तर आमचे समाधान त्याने झाले नाही, त्यांचे झाले.

आता इंद्रियांकडे वळू. पार्किन्सन यांनी तीही शाबूत मानली. मामांस कंप सुटण्याच्या पाचसहा वर्षे आधीची गोष्ट : बाजारातून सांबार आणला की ते तो नाकाशी धरीत आणि शिळा आहे म्हणून भाजीवालीशी हुज्जत घालीत. (वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांनी सांबार म्हणजे कोथिंबीर समजावी.) सांबार ताजाच असे; वास मामांचा गेला होता. वास जाणे, झोपेत हातपाय झाडून ओरडणे, या गोष्टी पुष्कळदा कंपाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतात. हा पहिला प्रवेश रंगमंचावर चालू असता प्रेक्षक अजून तिकिटे काढीत असतात.

डोळ्यांचेही तसेच. डोळ्याच्या पडद्यातदेखील डोपामाइन असते. फिकट शाई फिकट कागदावर ओळखू येत नाही, संध्याकाळचे रंग एकमेकांत मिसळतात. असा अर्धवट संदेश मेंदूकडे गेला की उरलेले चित्र मेंदू आपल्या अनुमानाने भरून काढतो; आणि त्या अनुमानास आवर घालणारे जोड सैल झालेले असतात. खुंटीवरचा सदरा माणूस होतो. दिवेलागणीस मामांस ओसरीच्या कोपऱ्यात मांजर जाताना दिसू लागले. पुढे कोणीतरी पाठीशी उभे आहे असे वाटू लागले. अकोल्याच्या बाईंस तुळशीजवळ एक परकरी मुलगी बसलेली दिसते. ती काही बोलत नाही, त्रास देत नाही. बाई तिला खावयास देऊ का म्हणून विचारतात. शेजाऱ्यांनी अर्थातच बाहेरची बाधा ठरविली आणि दोन पत्ते दिले. आमच्या स्नेह्यांनी ते घेतले नाहीत, याचे श्रेय त्यांच्या सुनेस आहे. तिने डॉक्टरांस मोकळेपणी विचारले, औषधांत फेरफार झाला, आणि मुलगी आता आठवड्यातून एखादे वेळी येते. सांगण्याजोगी गोष्ट ही की, अशा वेळी मनाने औषध बंद करणे घातक असते. आणि भ्रमावर सर्रास दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधे डोपामाइनचीच वाट अडवितात व रोग्यास लाकूड करून टाकतात. मामींची रीत आम्हांस आवडली. त्या ‘आहे का अजून?’ असे विचारतात. मामा पाहतात व म्हणतात, ‘आता नाही.’

चेहऱ्याविषयी आम्ही वर जे लिहिले त्याचा खुलासा येथे होतो. या रोगात चेहऱ्याचे स्नायू मुखवट्यासारखे होतात. आत जे चालले आहे ते बाहेर उमटत नाही. इतकेच नव्हे, इतरांच्या चेहऱ्यावरचा राग वा दुःख ओळखणेही रोग्यास जड जाते. मामींच्या डोळ्यांत पाणी आले तरी मामा वर्तमानपत्र मागतात, ते यामुळे. आवाजाचेही असे की, मामांस आपण मोठ्याने बोलतो असेच वाटते, आणि ऐकणारास ते कुजबुजणे असते. त्यावरून दोघांत दररोज एक भांडण ठरलेले. एक मुखवट्याच्या आतून पाहतो आहे, दुसरी मुखवट्याकडे पाहते आहे. पन्नास वर्षांच्या संसारात एकमेकांचे मन चेहऱ्यावरून वाचण्याची जी विद्या साधलेली असते, तीच हा रोग पुसून टाकतो. आमच्या मते या रोगाची सर्वांत मोठी हानी हीच. आणि तिला पार्किन्सन यांच्या व्याख्येत जागा नाही.

उंबरठ्याचे कोडे मात्र त्यांच्या पाचव्या रुग्णाने आम्हांस सोडवून दिले. मामा मोकळ्या अंगणात चालतात, जिना चढतात, आणि माजघराच्या दारात पाय जमिनीस खिळल्यासारखे उभे राहतात. दार दिसले की वाट अरुंद होते आणि पावलास आतून हुकूम मिळत नाही. आतला हुकूम मिळाला नाही तरी बाहेरचा चालतो, कारण डोळ्यांनी किंवा कानांनी मिळालेल्या खुणेवर चालण्यास मेंदूत दुसरा मार्ग आहे. त्या इंग्रज गृहस्थाचे झुलणे आणि इशारा देणे हे दुसरे काय होते? अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले होते. लहानपणी मामांनी लेझीम तेथेच पाहिली आणि शाळेच्या पटांगणात मुलांकडून हजार वेळा करून घेतली. आम्ही दाराशी उभे राहून लेझमीचा ठेका तोंडाने धरला, आणि पाय सुटला. पुण्यास नर्तक हृषीकेश पवार या रोगाच्या माणसांस नृत्य शिकवितात, तेथील पार्किन्सन्स मित्रमंडळात रोगी व घरची माणसे एकत्र जमतात, हे आम्ही ऐकून होतो. त्यातील मर्म या दारात कळले. आता माजघराच्या दारापुढे मामींनी फरशीवर पांढऱ्या आडव्या पट्ट्या ओढल्या आहेत. पाहुणे त्यांस रांगोळी समजून वळसा घालतात.

औषधाच्या प्रकरणी आपल्याकडील लेखनात एक वाईट सवय शिरली आहे, तिचाही समाचार घ्यावयास हवा. कुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रासचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली दाखविले. सर्पगंधेपासून निघालेल्या रेसर्पिनने कार्लसन यांनी प्राणी निश्चल केले आणि लेव्होडोपाने ते पुन्हा हलते केले. त्याच सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईचे डॉ. रुस्तुम वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडले होते. कुहिली वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? रानात शेंगेचा स्पर्श झाला की अंगाची आग होते. अभिमान वाटण्याजोग्या या गोष्टी आहेत, आणि आम्हांस तो वाटतोही. परंतु ‘आमच्या पूर्वजांस डोपामाइन माहीत होते’ अशी उडी काही लेखक मारतात, तिला आधार नाही. त्यांस वनस्पतीचा गुण माहीत होता. हे थोडे नव्हे, आणि त्यात भर घालण्याची गरज नाही. अशा लेखांच्या भरवशावर दुकानातील चूर्ण गोळीच्या जोडीस घेणारे आम्ही पाहिले आहेत. चुर्णाच्या चमच्यात औषध किती हे कोणास ठाऊक नसते, गोळीवर ते छापलेले असते. दोन्ही मिळून हातपाय वेडेवाकडे उडू लागतात, मग चूर्णास दोष न देता गोळी सोडली जाते. कापसावरच्या फवारणीविषयी उलट प्रकार आहे. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा व या रोगाचा संबंध परदेशी पाहण्यांत पुढे आला आहे. एका अमुक रोग्यास तो त्यामुळेच झाला असे म्हणता येत नाही. पण वऱ्हाडासारख्या मुलखात, जेथे पाठीवर पंप घेऊन उघड्या तोंडाने फवारणारी माणसे दर हंगामात दिसतात, तेथे या विषयावर मराठीत इतके थोडे लिहिले जावे याचे आश्चर्य वाटते.

पार्किन्सन यांचा निबंध मराठीत यावा असे आम्हांस वाटते. दोष दाखविले म्हणून नव्हे, तर ते दाखवूनही पुस्तक उभे राहते म्हणून. भाषांतरकाराने मूळ व्याख्या जशीच्या तशी ठेवावी, शेवटच्या कलमासह. ते गाळणे किंवा गुपचूप दुरुस्त करणे हा अपराध होईल. मात्र त्याखाली एक सविस्तर टीप असावी, आणि ती लिहिताना निदान एका रोग्यास विचारावे. शीर्षकात ‘कंपवात’ ठेवावा की नाही यावर मामांचा व आमचा मतभेद आहे. त्यांच्या मते रूढ शब्द बदलू नये, त्याचा अर्थ वाढवावा. आम्ही अजून तितकेसे राजी नाही. पुस्तक लहान असल्याने छपाईचा खर्च बेताचाच येईल. टाइप तेवढा ठळक व मोठा असावा आणि शाई गडद असावी. हल्ली राखी अक्षरे फिकट कागदावर छापण्याची जी टूम निघाली आहे तिच्या वाटेस प्रकाशकाने जाऊ नये, कारण ज्यांच्यासाठी हे पुस्तक काढावयाचे त्यांस ती अक्षरे दिसणार नाहीत.